गाड्याखालचे कुत्रे आणि गाडीतले कुत्रे

गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याचा दृष्टान्त मराठी वाचकाला नवा नाही. बैल गाडा ओढत असतात, खालून कुत्रे चालत असते आणि त्याला वाटत असते की, हा सारा भार आपणच वाहून नेत आहोत. पंधराव्या शतकातील गुजराती संतकवी नरसिंह मेहता यांनी 'मी करतो' या भावनेचे पोकळपण दाखविण्यासाठी हीच प्रतिमा योजली आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक काही महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. अशा नंदुरबारसारख्या सीमेवरील जिल्ह्यात हा दृष्टान्त दोन्ही भाषांतून कानी पडतो. त्याचा अर्थ विद्यार्थ्यांना चटकन कळतो. परंतु अर्थ सांगून झाल्यावर एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. कुत्रे गाड्याखालूनच का चालते? बाजूने, पुढून, मागून चालायला त्याला कोणी अडविलेले नसते. उत्तर तितकेच साधे आहे: तिथे सावली असते. खानदेशातल्या चैत्र-वैशाखात उघड्या वाटेवर चालती सावली मिळण्याची ती एकमेव जागा आहे. कवीला तिथे अहंकार दिसला. कुत्र्याने तिथे गारवा पाहिला होता.

हा प्रश्न आम्हांस आज महत्त्वाचा वाटतो, कारण कुत्रे आता गाड्याखालून गाडीच्या आत आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याआधीपासूनच हौशी मंडळी आपल्या गाडीत बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून भटकू लागली होती. मुंबई, पुणे, नाशिक, सुरत येथून निघालेली अशी फिरती घरे शहादामार्गे तोरणमाळच्या घाटात दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या खिडकीतून एखादे लांब कानाचे, जीभ बाहेर काढलेले डोके डोकावताना दिसते. दृश्य मोठे लोभस असते. कुत्र्याला घरी कोंडून किंवा परक्याच्या हवाली करून जाण्यापेक्षा त्याला सोबत नेणे हे माणुसकीचेच लक्षण आहे, असेही कोणी म्हणेल. आणि ते सर्वस्वी चूक नाही. तथापि सोबत नेणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आपल्या भाषेने आणि साहित्याने पुरेसा केलेला नाही, असे आमचे मत आहे. प्रवासातील कुत्रे आपल्याकडे एकतर प्रतीक असते, नाहीतर सामान. तहान लागणारा, धाप लागणारा, घाबरणारा सहप्रवासी म्हणून त्याला आपण क्वचितच पाहतो. त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न पट्ट्यांचा आणि पिंजऱ्यांचा आहेच. पण त्याआधी तो पाहण्याच्या सवयीचा आहे.

प्रतीकांपासून आरंभ करू. प्रवासातील कुत्र्याची भारतीय वाङ्मयातील सर्वांत थोर कथा महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात येते. पांडव हिमालयाच्या वाटेला लागतात, एक कुत्रा त्यांच्यामागून चालू लागतो. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असे एकेक कोसळत जातात, कुत्रा राहतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला चढ म्हणतो, मात्र कुत्र्याला सोडून. स्वर्गात कुत्रे बाळगणाऱ्यांना जागा नाही, हा त्याचा नियम. युधिष्ठिर रथात पाऊल ठेवण्यास नकार देतो. आपल्याला शरण आलेल्याला, आपल्यावर निष्ठा ठेवणाऱ्याला टाकून देणे हे महापाप आहे, हा त्याचा युक्तिवाद. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असे उघड होते.

ही कथा 'कुत्र्याची स्वामिनिष्ठा' या मथळ्याखाली सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः तिथे परीक्षा कुत्र्याच्या निष्ठेची होत नाही, माणसाच्या निष्ठेची होते. दुसरी गोष्ट अशी की, युधिष्ठिर जेव्हा नकार देतो तेव्हा तो कुत्रा धर्म आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने ते एक थकलेले, वाटेत जोडले गेलेले जनावर असते. प्रतीक नंतर प्रकटते. जबाबदारी आधी घेतलेली असते. आणि महाभारताचा आरंभही आठवावा. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञस्थळी आलेल्या एका निरपराध पिल्लाला त्याचे भाऊ मारतात, आणि त्या पिल्लाची आई सरमा राजाला जाब विचारते. माझ्या मुलाने काही चाटले नाही, काही पाहिलेही नाही, मग त्याला का मारले, हा तिचा प्रश्न. राजाकडे उत्तर नसते आणि त्याला शाप मिळतो. एका कुत्र्याला विनाकारण मारण्याने सुरू होणारे हे महाकाव्य एका कुत्र्याला टाकून न देण्यापाशी पोहोचते. हा प्रवास विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे.

नंतरच्या परंपरेत कुत्रे दैवतांच्या सोबतीस येते. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ती चार वेदांची प्रतीके मानली जातात. खंडोबाबरोबरही कुत्रे असते. आमच्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते आणि तिच्यातील घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. तिथे येणारा भाविक दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्र्यांना हात जोडतो. देवळाबाहेर, दुकानांच्या रांगेत फिरणाऱ्या पाचव्या कुत्र्याला मात्र हाड् म्हणून हाकलतो. यात दांभिकता शोधण्याची आम्हांस हौस नाही. प्रतीक झाले की प्राणी दिसेनासा होतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आपल्या बोलण्यातही हीच दोन टोके आहेत. एकीकडे 'इमानी', दुसरीकडे 'कुत्रे हाल खाणार नाही'. मधली जागा, म्हणजे भूक-तहान असलेल्या खऱ्या जिवाची जागा, रिकामीच राहते.

ती जागा साहित्यात रिकामी असली तरी आमच्या परिसरातील रस्त्यांवर ती कधीच रिकामी नव्हती. धुळे-नंदुरबारच्या भागातील ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरे घेऊन बाहेर पडतात. बिऱ्हाड पाठीवर किंवा घोड्यावर, कळप पुढे, आणि कळपाच्या कडेने कुत्री. हा कुत्र्यांसह केलेला फिरत्या घराचा प्रवासच होय. त्याला कोणी कॅराव्हॅन पर्यटन म्हणत नाही इतकेच. त्या प्रवासाची शिस्त पाहण्याजोगी आहे. चाल पहाटे आणि उतरत्या उन्हात; दुपारी झाडाखाली किंवा पाणवठ्याजवळ मुक्काम; दिवसभराचे अंतर कळपातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या जिवाने ठरविलेले. रात्री लांडग्यापासून किंवा चोरापासून राखण करण्याचे काम कुत्र्याचे, आणि त्याच्या भाकरीची सोय करण्याचे काम माणसाचे. या व्यवहारात लाडाकोडाचा भाग थोडा असेल, त्यात हाल नाहीत असेही आम्ही म्हणणार नाही. पण कुत्र्याजवळ काही निर्णय शिल्लक असतात. ऊन लागले तर ते सावलीला सरकते, ओहोळ दिसला तर पाणी पिते, पाय भाजले तर गवतावरून चालते. गाड्याखालचे कुत्रेही असेच. त्याला त्या सावलीतून केव्हाही बाहेर पडता येते.

याच रस्त्यांवर दुसरा एक प्रवास दरवर्षी होतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. मालमोटारीत भांडी, धान्य, लाकडे, लेकरे असा सगळा संसार चढतो. त्या गर्दीत कुत्र्याला जागा मिळणे न मिळणे हा कोणाच्या निष्ठुरपणाचा प्रश्न नसतो. जिथे माणसांच्याच वाहतुकीत सुरक्षितता पाहिली जात नाही, तिथे मागे राहिलेल्या कुत्र्याबद्दल कोणाला जाब विचारायचा? हा उल्लेख अशासाठी की, कुत्र्यासह सुरक्षित प्रवास हा विषय केवळ वातानुकूलित गाडीवाल्यांचा नाही. ज्याला निवड उपलब्ध आहे त्याच्यावर जबाबदारी अधिक, असे आम्ही मानतो. आणि कॅम्परव्हॅनने फिरणाऱ्याला निवड भरपूर उपलब्ध असते.

आता बंद गाडीकडे येऊ. कुत्र्याला गाडीत बसवून दार लावताक्षणी सावलीचा, पाण्याचा, वेगाचा आणि थांबण्याचा असे त्याचे सर्व निर्णय आपण आपल्या हाती घेतो. या विषयातील प्रत्येक खबरदारी याच एका गोष्टीतून निघते.

उष्णतेचे उदाहरण घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटेच ते शरीर थंड ठेवते. बंद गाडीतील हवा तापली की ही धाप निरुपयोगी ठरते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते, आणि काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. नंदुरबारला मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. अशा वेळी 'पाच मिनिटांत चहा घेऊन येतो' हे वाक्य प्राणघातक ठरू शकते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर हा धोका अधिकच. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ या यानातून अवकाशात गेलेल्या लायका या कुत्रीचे उदाहरण येथे अप्रस्तुत होणार नाही. ती काही दिवस जगली असे जगाला दीर्घकाळ सांगण्यात आले. उड्डाणानंतर काही तासांतच अतिउष्णतेने आणि ताणाने ती गेली होती, हे २००२ मध्ये उघड झाले. मधल्या काळात ती टपाल तिकिटांवर आणि स्मारकांवर प्रतीक म्हणून मिरवत होती. मानवाने बनविलेल्या त्या काळच्या सर्वांत प्रगत वाहनातही कुत्र्याचा जीव गेला तो तापलेल्या बंद खोलीमुळेच.

वेगाचेही तसेच. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी थांबली तर मोकळे बसलेले कुत्रे त्याच वेगाने पुढे फेकले जाते. त्यात त्याचा जीव धोक्यात येतो आणि पुढे बसलेल्या माणसाचाही. म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस आणि तो आसनपट्ट्याला अडकविण्याची सोय हवी, किंवा गाडीच्या तळाला घट्ट बांधलेला पिंजरा हवा, ज्यात कुत्र्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता येईल. गळ्यातील पट्ट्याला दोरी बांधून ती आसनाला अडकविणे हे मात्र फास लावण्यासारखे आहे. कॅम्परव्हॅनमध्ये आणखी एक अडचण असते. ती एकाच वेळी घरही असते आणि वाहनही. घर म्हणून तिच्यात कुत्रे मोकळे फिरते, शेगडीजवळ जाते, बिछान्यावर झोपते. इंजिन सुरू होताच ते घर वाहन होते, पण कुत्र्याला हा बदल कोणी सांगितलेला नसतो. तो शिकवावा लागतो. निघण्याआधी आठवडाभर उभ्या गाडीत, मग छोट्या फेऱ्यांत, कुत्र्याला आपल्या जागेची सवय करावी. दार उघडण्यापूर्वी दोरी हातात असावी, कारण परक्या मुलखात घाबरून सुटलेले कुत्रे परत सापडणे कठीण. गळ्यात मालकाचा दूरध्वनी क्रमांक असलेली पट्टी असावी. खिडकीबाहेरचे ते लोभस डोके आत असावे. धूळ, खडे आणि समोरून येणारी उसाची मालमोटार यांना लोभसपणाचे कौतुक नसते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने नेणे हा गुन्हा आहे, तसेच उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे हाही. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांहून अधिक काळ पन्नास रुपयांची ही कमाल मर्यादा बदललेली नाही. या अधिनियमाखाली केलेल्या १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र भाग आहे. प्रवासास योग्य असल्याचा आणि रेबीजसारख्या रोगाची लक्षणे नसल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी, प्रौढ कुत्र्याला बारा तासांतून एकदा खाणे, असे तपशील त्यात आहेत. नियमांची भाषा रूक्ष आहे. पण कुत्र्याला तहान लागते हे तिने नोंदविले आहे, आणि आमच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे रेल्वेत मात्र कुत्र्याची नोंद सामानाच्या खिडकीवर होते. प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातील पूर्ण कूपे आरक्षित असेल तर ते मालकासोबत, एरवी गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यात.

साहित्यात या सहप्रवासाचे उत्तम उदाहरण जॉन स्टाइनबेक यांच्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' या १९६२ च्या पुस्तकात सापडते. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये ते आपला वृद्ध पूडल चार्ली याला घेऊन अमेरिका पाहावयास निघाले. ट्रकवर बसविलेल्या आपल्या फिरत्या घराला त्यांनी दोन किखोतेच्या घोड्याचे, रोसिनान्ते हे नाव दिले होते. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, या पुस्तकातील संवाद आणि मुक्काम यांत कल्पिताचा अंश बराच आहे. तो वाद येथे नको. पुस्तकातला कुत्रा कथानकाला अडवतो, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. नायगाराजवळून कॅनडात शिरावयाचे असते. परंतु चार्लीच्या रेबीज लसीकरणाचा दाखला सोबत नसल्याने परतताना अडचण होईल असे कळते आणि लेखकाला मागे फिरावे लागते. यलोस्टोनमध्ये अस्वले पाहून एरवी शांत असलेला चार्ली इतका पिसाटतो की तो जगप्रसिद्ध प्रदेश सोडून निघावे लागते. पुढे त्याला मूत्रविकाराचा त्रास होतो. एका पशुवैद्याकडून निराशा पदरी येते, टेक्सासमधील अमारिलो येथील दुसऱ्याकडून दिलासा मिळतो. कुत्र्याच्या शरीरामुळे प्रवासाचा मार्ग, वेग आणि मुक्काम बदलतात. सहप्रवासी म्हणतात तो याला. मराठी प्रवासवर्णनांत देवळे, डोंगर, भोजन आणि भेटलेली माणसे यांची रेलचेल असते. एखाद्या जनावरासाठी बदललेला मार्ग मात्र अपवादानेच आढळतो.

आमच्या जिल्ह्यात येणाऱ्या प्रवाशांनी यातून काही बोध घ्यावा. तोरणमाळचा घाट वळणांचा आहे. पोट भरून गाडीत चढविलेले कुत्रे तिथे ओकणार, म्हणून खाणे काही तास आधी उरकावे आणि दर दोन-तीन तासांनी थांबावे. डोंगराळ तालुक्यांत पशुवैद्यक हाकेच्या अंतरावर नसतो, तेव्हा आवश्यक औषधे आणि पुरेसे पाणी बरोबर ठेवावे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा या भागांत उसाच्या आश्रयाने बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. रात्री कुत्र्याला गाडीबाहेर बांधून ठेवणे म्हणजे आमिष लावणेच. आणि सुरक्षितता एकतर्फी नसते. शहरातून आलेल्या दांडग्या कुत्र्याने पाड्यावरील शेळी फाडली तर ते त्या कुटुंबाचे भांडवलच जाते. लसीकरण जसे पाहुण्या कुत्र्याच्या रक्षणासाठी, तसेच यजमान गावातील कुत्र्यांच्या आणि मुलांच्या रक्षणासाठीही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मरण जवळजवळ अटळ असते, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना पुस्तकाबाहेर ठाऊक आहे.

ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांत येते, तिथे पाळीव कुत्र्यांच्या प्रवासाची चिंता हा चोचला नव्हे काय, असा आक्षेप येईल. आक्षेप गंभीर आहे, आणि माणसांचे प्रश्न आधी, यात आम्हांस शंका नाही. परंतु करुणेचा साठा मर्यादित असतो आणि कुत्र्याला दिलेली माणसाच्या वाट्यातून कमी होते, हे गृहीतक आम्हांस मान्य नाही. ज्याला आपल्या गाडीतील जिवाची तहान दिसत नाही, त्याला शेजारून जाणाऱ्या मालमोटारीत उभी असलेली माणसे दिसतील, अशी आशा कशी करावी? पाहण्याची सवय ही एकच असते.

शेवटी, काही प्रवासांत कुत्र्याला न नेणे हाच सुरक्षित प्रवास असतो. वैशाखातील सहल, वृद्ध किंवा आजारी जनावर, गर्दीची यात्रा, दिवसाचे बारा तास चाक फिरते ठेवणारा कार्यक्रम: अशा वेळी ओळखीच्या घरी, ओळखीच्या माणसाजवळ त्याला ठेवून जाणे म्हणजे त्याग नव्हे. युधिष्ठिराने कुत्र्याला रथात घ्याच असा हट्ट धरला, तो कुत्रे मागे बर्फात एकटे राहणार होते म्हणून. त्याच्या नकारातील आशय सोबत नेण्याचा नसून टाकून न देण्याचा आहे. निघण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, ही सहल आपण कोणासाठी काढली आहे. आणि कुत्र्याला बोलता आले असते तर त्याने कुठे थांबू या म्हटले असते. त्या उत्तरानुसार मुक्काम ठरवावेत, आणि उत्तर प्रतिकूल आले तर त्याला घरी ठेवावे.